बिनसिगारेटचा पहिला पाऊस

शुक्रवार, रात्री साडेदहा

आज संध्याकाळी ऑफिसातून निघालो आणि पावसाने गाठलं. त्याच्या पाठोपाठ तलफ आली. इतक्या महिन्यांत अशी आली नव्हती. घसा कोरडा पडला, बोटं आपोआप खिशाकडे गेली.

सोडली ती दिवाळीनंतर. निकोटीनचा शरीरावरचा अंमल तसा लवकर ओसरतो. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट जातात, मग तीन-चार आठवड्यांत चिडचिड, झोपमोड, सारखी लागणारी भूक कमी होत जाते. माझंही तसंच झालं. छातीतली धडधड तेवढी जाईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चहा किती घेता? धूर अंगात जात असतो तोवर यकृत कॅफिन झपाट्याने निपटतं. सिगारेट थांबली की तेवढाच चहा जास्त वेळ अंगात राहतो. तेव्हापासून अर्धा कप घेतो. सोडणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवं.

मग आजची तलफ कुठली? मला वाटतं, सिगारेट एकेका प्रसंगाला गाठ मारून ठेवलेली असते आणि प्रत्येक गाठ वेगळी सोडवावी लागते. जेवणानंतरची सुटली, कारण जेवण रोज दोनदा होतं. पावसाला मात्र कित्येक महिने थांबावं लागलं. लग्नात मांडवामागे जाऊन ओढायची, मयताला गेल्यावर स्मशानाबाहेर उभं राहून ओढायची, त्या अजून बाकीच आहेत.

टपरीवर थांबलो, चहासाठीच. खांबाला सुतळीने लायटर टांगलेला, ओला होऊ नये म्हणून त्यावर प्लॅस्टिकची पिशवी. शेजारच्या पोराने एक सुट्टी घेतली, पिशवी वर सरकवली, शिलगावली. पहिल्या झुरक्याचा वास थेट माझ्या नाकात. राज्यात सुट्या सिगारेटी विकायला २०२० पासून बंदी आहे आणि ती इथे कुणाच्या गावीही नाही. याचा मला मनापासून राग येतो. अख्खं पाकीट घ्यायचं म्हटलं तर माणूस क्षणभर तरी थांबतो. ‘एक दे’ म्हणायला विचार करावा लागत नाही.

तलफ काही मिनिटांतच उतरते, हे एव्हाना पक्कं माहीत झालंय. तेवढा वेळ हाताला आणि तोंडाला काम द्यायचं. लवंग दाताखाली धरली, बायकोला फोन लावला. ती म्हणाली, “बोलत राहा, मी आहे.” भाजी काय आणायची इथपासून पोरीच्या गणिताच्या पेपरपर्यंत बोललो. फोन ठेवला तेव्हा चहा गार झाला होता आणि ते पोरगं निघून गेलं होतं.

पुढच्या शनिवारी मित्रांबरोबर लोहगडच्या पायथ्याशी मुक्काम आहे. सगळे ओढणारे. त्यातल्या एकाला आत्ताच फोन करून सांगितलं, “रात्री मी मागितली तरी देऊ नकोस, शिव्या घातल्या तरी नाही.” तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सिगारेट सोडायला मदत करतात तो पाकिटावरचा १८००-११-२३५६ नंबर, तू लावला होतास ना? काय विचारतात रे?”

अर्धा तास बोलत होतो आम्ही.