शीटवर निर्णयाचा रकानाच नाही

सिमवर, म्हणजे विमानाच्या सिम्युलेटरवर, टाइप रेटिंगची, म्हणजे एका ठराविक विमानाचं प्रशिक्षण घेणारी पायलट मुलं घेतो मी, आणि काल रात्री सेशन संपवून अंधेरीहून घरी येताना रिक्षात एकच विषय डोक्यात, आपण यांना मार्क नक्की कशाचे देतो?

एक्सरसाइज असा होता, जुलैचा पाऊस, मुंबईवर होल्डिंग म्हणजे उतरायची वाट बघत घिरट्या, व्हिजिबिलिटी पडत चाललीय, ऑल्टरनेट, म्हणजे पर्यायी विमानतळ, अहमदाबाद, आणि फ्युएल इतकंच की एक चक्कर जास्त मारली की अहमदाबाद हातचं गेलं. पहिला मुलगा घिरट्या घालत राहिला, तेवढ्यात मी पाऊस थोडा कमी केला आणि त्याने रनवे २७ वर सुंदर लँडिंग केलं. दुसरी मुलगी वेळेत डायव्हर्ट झाली पण अहमदाबादला विमान जोरात टेकवलं. मार्कांच्या शीटप्रमाणे मार्क पहिल्याला जास्त! मला हे अजिबात पटत नाही. स्पीड, हाइट, लोकलायझर, म्हणजे रनवेची मधली रेषा दाखवणारा सिग्नल, किती सुटला सगळं विचारतात, निर्णय कधी घेतला, कशाच्या जोरावर घेतला, त्याला रकानाच नाहीये.

म्हणून मी दोघांनाही होल्डमध्येच फ्रीझ केलं होतं, सगळे स्क्रीन काळे. ही मिका एन्डस्ली यांची सॅगॅट पद्धत, परिस्थितीचं भान मोजायची, काय दिसतंय, त्याचा अर्थ काय, पुढे काय होणार असं पायरीपायरीने विचारायचं. त्याने फ्युएल अगदी बरोबर सांगितलं, पण अजून किती मिनिटं थांबता येईल म्हटल्यावर पेन्सिल हातात तशीच आणि नजर काळ्या स्क्रीनवर. तिने फ्लाइट प्लॅनच्या कोपऱ्यात आधीच १४:४२ लिहून गोल केला होता, त्या वेळेला निघायचं म्हणजे निघायचं.

वेळ धरलीच पाहिजे हो. जानेवारी २००९ मध्ये न्यूयॉर्कला पक्षी धडकून इंजिनं गेल्यावर हडसन नदीत विमान उतरवलं, त्याच्या चौकशीत सिमवर पायलट पक्षी धडकल्याबरोबर वळले तेव्हा काही वेळा लागार्डिया विमानतळावर पोचले, पण विचार करायला ३५ सेकंद धरल्यावर जमलं नाही. सिमवरच्या त्या पायलटना काय होणारे ते आधीच माहीत होतं, आणि तसं असलं की मोजमापच खोटं ठरतं, त्यामुळे मी आता ब्रीफिंगमध्ये हवामान बिघडणार हे सांगतच नाही.

निघताना तो मुलगा जिन्यात थांबला होता. "सर, गुरुवारी परत हाच एक्सरसाइज देता का?"

"हाच नाही देणार रे," म्हटलं, "पण घड्याळ लावून बसणार."