खोटं छापलं म्हणून लगेच केस जिंकता येत नाही

अमेरिकेत नेत्याबद्दल किंवा मोठ्या माणसाबद्दल खोटं छापलं तरी तो बदनामीची केस हरू शकतो, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरंच राग आला होता. मग १९६४ ची न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सुलिव्हन ही केस वाचली आणि मत बदललं.

झालं असं की १९६० मध्ये काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मार्टिन ल्युथर किंग यांच्या समर्थनार्थ न्यूयॉर्क टाइम्स या पेपरात पानभर जाहिरात आली, त्यात चुका होत्या, म्हणजे किंगना ४ वेळा अटक झालेली आणि छापलं ७ वेळा, असल्या. सुलिव्हन हा अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहराचा कमिशनर, पोलीस खातं त्याच्याकडे, त्याने पेपरवर बदनामीचा दावा लावला, जाहिरातीत त्याचं नावसुद्धा नव्हतं तरी अलाबामाच्या ज्युरीने त्याला ५ लाख डॉलर देऊन टाकले!! असं चाललं असतं तर अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या लोकांच्या बाबतीत काय चाललंय ते छापायची हिंमत कोणी केली असती?

सुप्रीम कोर्टाने एकमताने निकाल फिरवला. सरकारी पदावरच्या माणसाने सिद्ध करायचं की छापणाऱ्याला हे खोटं आहे हे माहीत होतं किंवा खरंखोटं याची त्याने पर्वाच केली नाही, नुसती चूक दाखवून भागत नाही, आणि पुरावाही साध्या दिवाणी दाव्यापेक्षा भक्कम लागतो. १९६७ मध्ये हेच इतर प्रसिद्ध लोकांनाही लागू झालं.

इंग्लंडमध्ये बरोबर उलटं, तिथे लिहिणाऱ्यानेच ते खरं आहे हे सिद्ध करायचं. मला ते पटत नाही, कारण खरं असूनही कोर्टात सिद्ध करता येईल की नाही या भीतीनेच माणूस गप्प बसतो.