काटा नव्वदवर, आकडा सत्तरवर

गाडीच्या मीटरची तक्रार घेऊन येणारी माणसं सहसा एवढंच सांगतात, मीटर बिघडलंय, बघा. नेमकं काय बिघडलंय, कधी बिघडतं, हे आम्हालाच उकरून काढावं लागतं. म्हणून गेल्या पावसाळ्यात गोव्यात फोंड्याच्या माझ्या वर्कशॉपात आलेल्या एका सिस्टरांचं पहिलंच वाक्य ऐकून मी हातातलं काम बाजूला ठेवलं. त्या म्हणाल्या, ‘दादा, काटा नव्वदवर असतो, पण ऐंशीचा बीप वाजत नाही.’

१ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना वेगाचा इशारा सक्तीचा झाला. ८० च्या वर गेलात की थांबून थांबून बीप, १२० च्या वर गेलात की सलग. बहुतेकांना तो आवाज म्हणजे कटकट वाटते. या बाईंनी मात्र तो साक्षीदारासारखा वापरला होता. काटा ९० म्हणतो, बीप गप्प आहे, म्हणजे दोघांपैकी एक चुकतोय. आणि मधल्या छोट्या स्क्रीनवर त्याच वेळी ७० चा आकडा.

त्यांच्या गाडीचं मीटर हल्ली पुष्कळ गाड्यांत असतं तसं मिश्र होतं. डावीकडे वेगाचा खराखुरा काटा, उजवीकडे आरपीएमचा, आणि मध्ये रंगीत स्क्रीन. तिच्यावर वेगाचा आकडा, पेट्रोल किती किलोमीटर पुरेल, दार उघडं आहे का, सगळं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवाल्यांनी तपासून सांगितलं होतं की अख्खं मीटर बदलावं लागेल, आणि रक्कम पाच आकडी सांगितली होती. त्यांना पैशांपेक्षा एका गोष्टीची जास्त खंत होती. ‘का बिघडलं, ते कुणी सांगेना,’ त्या म्हणाल्या.

त्या बांबोळीला आयसीयूत ड्युटी करतात. रोजचा रस्ता फोंडा, बाणस्तारीचा पूल, जुने गोवे, मेरशी. कधी पहाटे निघायचं, कधी रात्री परतायचं. त्यांनी मोबाइलमध्ये नोंदी ठेवल्या होत्या. तारीख, वेळ, पाऊस होता का, दिवे चालू होते का, काटा किती, आकडा किती. इतकी वर्षं हे काम करतोय, पण असं गिऱ्हाईक मला पहिल्यांदा भेटलं. मी विचारलं, हे कसं सुचलं? त्या म्हणाल्या, ‘आमच्या मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा असतो आणि त्याची लाटही असते. आकडा ९८ असला, पण लाट तुटक असली, तर आम्ही आधी बोटावरचा प्रोब बघतो. नुसत्या आकड्यावर जात नाही. गाडीतही आकडा आणि काटा जुळेना, म्हणून लिहायला लागले.’

हे ऐकून मला फार बरं वाटलं. एका डॅशबोर्डवर काटा आणि स्क्रीन दोन्ही का असावेत, याचं इतकं नेमकं उत्तर मी कुठल्या ट्रेनिंगमध्येही ऐकलं नव्हतं.

आधी खरा वेग ठरवायचा होता. गाडी त्यांनीच चालवली, मी शेजारी मोबाइलवर जीपीएसचा वेग लावून बसलो. खांडेपारच्या बाजूला थोडा सरळ रस्ता मिळाला. स्क्रीनवर ६०, जीपीएसवर ५७, काटा ८० च्या जवळ. स्क्रीन आणि जीपीएसमधला तीनचा फरक हा दोष नव्हे. मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, जास्त दाखवलं तर एका मर्यादेपर्यंत चालतं, असा संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमाचा हिशेब आहे. खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ४ किलोमीटर, ही ती मर्यादा. ५७ ला ती साधारण ६७ वर संपते. म्हणजे आकडा व्यवस्थित मर्यादेत होता आणि काटा पार बाहेर. परत येऊन स्कॅनर लावला. गाडीच्या आतल्या लाइनवर वेगाचा जो संदेश फिरत होता, तोही आकड्याशी जुळत होता.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण पुष्कळांच्या मनात एक जुनी समजूत घट्ट बसलेली आहे. काटा म्हणजे खरी वस्तू, स्क्रीन म्हणजे कॉम्प्युटरचा खेळ. ही समजूत पद्मिनी-अ‍ॅम्बेसेडरच्या काळात बरोबर होती. गिअरबॉक्समधून एक केबल फिरत फिरत मीटरपर्यंत यायची. तिच्या टोकाला लोहचुंबक, त्याभोवती अ‍ॅल्युमिनियमची वाटी, वाटीला काटा आणि मागे ओढणारी बारीक स्प्रिंग. चुंबक फिरला की वाटीत विजेचे भोवरे उठतात आणि ती त्याच्या मागे ओढली जाते. ऑटो शुल्झे नावाच्या जर्मन माणसाने १९०२ मध्ये या युक्तीचं पेटंट घेतलं, आणि तीच युक्ती जवळपास शतकभर जगाच्या गाड्यांत चालली. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते केबल सुकली की काटा कसा थरथरतो ते बघून, मीटर न उघडता, केबल कुठे वाकलीय ते सांगायचे. तो काटा चाकाला खरंच बांधलेला होता.

आजचा काटा चाकाला बांधलेला नाही. चाकाजवळचा सेन्सर वेग मोजतो आणि तो दोन वायरींच्या कॅन लाइनवरून संदेश म्हणून मीटरपर्यंत येतो. बॉश कंपनीने ही पद्धत १९८६ मध्ये जगापुढे आणली. मीटरमधली चिप तो संदेश वाचते, स्क्रीनवर आकडा लिहिते आणि काट्यामागच्या चिमुकल्या स्टेपर मोटरला सांगते, इतके टप्पे पुढे जा. आमच्याकडे नेहमी येणाऱ्या या मोटरी साधारण ३१५ अंशांत फिरतात, आणि एक टप्पा म्हणजे अंशाचा तिसरा भाग. आता खरी मेख. काटा खरोखर कुठे आहे, हे चिपला दिसत नाही. ती फक्त टप्पे मोजते. म्हणून चावी ऑन केली की ती काट्याला मागे नेऊन अडणीला टेकवते आणि म्हणते, हे शून्य. पुष्कळ गाड्यांत चावी ऑन केल्यावर काटे एकदा वर जाऊन खाली येतात. लोकांना ती सजावट वाटते. पण त्याच वेळी काटा आपली जागाही पक्की करून घेत असतो.

शून्यच चुकलं, तर पुढचा सगळा हिशेब तेवढ्याच अंतराने सरकतो. सिस्टरांच्या नोंदींत तेच होतं. काटा कधी मनाला येईल तसा उडत नव्हता. ज्या दिवशी चुकायचा, त्या दिवशी प्रत्येक वेगाला साधारण वीसनेच पुढे. मोटरचे दात झिजले असते तर चूक अशी शिस्तीत राहिली नसती. मीटर बदलायची गरज नाही, ही माझी खात्री इथेच झाली.

पुढचं माझ्या हाताखालच्या पोराने पकडलं. मी चावी ऑन करून, काटे खाली येईपर्यंत थांबून सेल्फ मारत होतो, आणि काटा दर वेळी बरोबर शून्यावर. तो म्हणाला, ‘ताई अशा नाही करत. त्या एका झटक्यात चावी फिरवतात.’ खरंच, ड्युटीला उशीर होत असेल तर काट्यांचा फेरा बघत कोण बसेल? तसं करून बघितलं. काटा वर चढत असतानाच सेल्फ बसला, मीटर क्षणभर विझलं, परत उजळलं, आणि गाडी जागेवर उभी असताना काटा २० वर. स्क्रीनवर शून्य. चावी बंद करून सावकाश पुन्हा ऑन केली की काटा जाग्यावर.

म्हणजे सेल्फच्या वेळी मीटरला पुरेशी वीज मिळत नव्हती. चिप मध्येच बंद पडून उठत होती आणि काटा अर्ध्या वाटेवर असताना, त्याला अडणीला टेकवल्याशिवाय, तिथेच शून्य धरून नवा हिशेब सुरू करत होती. मल्टिमीटर लावला. सेल्फ मारताना बॅटरीच्या खुंट्यांवर १० व्होल्टच्या वर, म्हणजे बॅटरी ठीक. त्याच क्षणी मीटरच्या कपलरवर, म्हणजे मीटरला वायरी जोडतात तिथे, मात्र ७ च्या आसपास. मधले ३ व्होल्ट वाटेत कुठे सांडत होते? मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरं बॉडीवर ठेवून सेल्फ मारला, आणि चोर तिथेच सापडला. वर्षभरापूर्वी बाहेर कुठेतरी मोठी अँड्रॉइड स्क्रीन आणि मागचा कॅमेरा बसवून घेतला होता. बसवणाऱ्याने त्या स्क्रीनच्या अर्थिंगची रिंग सरळ निगेटिव्ह क्लॅम्पच्या आत कोंबली होती. त्यामुळे क्लॅम्प खुंटीला पूर्ण आवळलाच नव्हता. वर आपली गोव्याची हवा. दोन पावसाळे गेले की अशा फटीत हिरवट पांढरी पूड धरतेच. दिवे किंवा वायपर लावताना फरक कळायचा नाही, कारण त्यांना वीज थोडी लागते. सेल्फ शंभराहून जास्त अँपिअर ओढतो, तेव्हाच त्या पुडीचा अडथळा उघडा पडायचा.

क्लॅम्प बदलला, खुंटी घासून स्वच्छ केली, जादा रिंग बॉडीवर वेगळ्या बोल्टला घेतली, वरून पेट्रोलियम जेली लावली. परत मोजलं, तर बॉडी आणि खुंटीत जेमतेम दशांशातला फरक. मग पोराने मुद्दाम एका झटक्यात चावी फिरवून बघितली, दिवे लावून, एसीचा पंखा लावून. काटा शून्य सोडेना.

हे सगळं चालू असताना पेडण्याचे एक टॅक्सीवाले बाकावर बसून ऐकत होते. मोपा विमानतळावरून भाडी मारतात. ते म्हणाले, ‘मेस्त्री, बघितलंत ना? काटाच दगा देतो. माझं पूर्ण डिजिटल आहे, तेच बरं.’ आणि मग स्वतःची तक्रार सांगितली. दुपारी ऊन असलं की त्यांची स्क्रीन काळी पडते, ढगाळ दिवशी ठीक असते. त्यांना वाटत होतं, स्क्रीन तापते. मी त्यांच्या गाडीत बसलो, मला स्वच्छ दिसत होतं. मग डॅशबोर्डवर पडलेला त्यांचा गॉगल उचलून डोळ्यांवर लावला, आणि आकडा, पेट्रोल, सगळं जवळजवळ नाहीसं झालं. मान तिरकी केली की परत उमटत होतं. एलसीडी स्क्रीनमधून येणारा उजेड एकाच दिशेने कंप पावणारा असतो, आणि त्यांच्या गॉगलची पोलराइज्ड काच एका दिशेचा उजेड अडवते. दोन्ही आडवे आले की संपलं. ते ऊन असलं तरच गॉगल लावत, म्हणून दोष उन्हावर गेला होता. त्या स्क्रीनवरही एक काटा होता, सुंदर, लाल, अगदी खऱ्यासारखा, पण तोही उजेडाने काढलेला. आकड्याबरोबर तोही गेला. सिस्टरांच्या गाडीत त्याच गॉगलातून मी बघितलं. मधली स्क्रीन अंधारली, पण दोन्ही बाजूंचे काटे जसेच्या तसे दिसत होते.

या एका दुपारनंतर माझं मत अगदी पक्कं झालं, आणि ते मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. काटा चांगला की स्क्रीन, या वादात मला रस नाही. आकडा नेमका असतो, ६० म्हणजे ६०. काटा नेमका नसला तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून कळतो, आणि वेग वाढतोय की उतरतोय तेही सांगतो. चोर्ल्याच्या घाटात उतरताना रस्त्यावरची नजर न हलवता जे कळतं ते काट्यानेच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की दोघं वेगवेगळ्या तऱ्हेने बिघडतात. स्क्रीन विझते, गोठते, गॉगलातून हरवते. काटा आपली जागा चुकतो आणि त्याला ते कळत नाही. एकाचा दोष दुसऱ्यामुळे उघडा पडतो. स्क्रीनवर रंगवलेला काटा हे काम करू शकत नाही, कारण तो स्क्रीनबरोबरच बुडतो.

सिस्टरांनी मात्र इथेही एक बारीक प्रश्न काढला. ‘दोघांनाही बातमी एकाच सेन्सरकडून येते ना? मग तोच चुकला तर?’ तर दोघं एकमताने चुकतील. मोठ्या मापाचे टायर घातले की हेच होतं, चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं आणि काटा, आकडा दोन्ही खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतात. बीपसुद्धा उशिरा वाजतो. म्हणून टायर बदलल्यावर जीपीएस लावून एकदा पडताळून घ्यायचं. त्यांनी ते लगेच मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. रात्रपाळीवरून परतताना बायपासच्या मोकळ्या रस्त्यावर काटा आणि आकडा एकदमच ८० च्या पुढे गेले आणि त्याच वेळी बीप वाजला, हे सांगायला. शिवाय त्यांचा भाऊ नवी गाडी बघतोय, त्याने काय बघावं, असंही विचारलं. मी म्हटलं, शोरूममध्ये गाडी चालू करून बसायला सांगा. काटे असतील तर ते फिरून शून्यावर नीट बसतात का बघायचं. नुसती स्क्रीन असेल तर आपला नेहमीचा गॉगल घालून, मान सरळ ठेवून आकडा वाचता येतो का ते बघायचं, आणि मगच बुकिंग करायचं.