आयक लोबॉल संच: १९७३-डी परत आलं

१९७३-डी परत आलं. आयक म्हणजे अमेरिकेचा आयझेनहॉवर डॉलर, लोबॉल म्हणजे जास्तीत जास्त झिजलेल्या नाण्यांचा संच, आणि ‘डी’ म्हणजे डेन्व्हरची टांकसाळ. ग्रेडिंगला पाठवलेलं हे नाणं स्लॅबमध्ये (सीलबंद डबीत) नाही, पाठवलं होतं त्याच फ्लिपमध्ये (प्लास्टिकच्या पाकिटात) आलं, आणि सोबतच्या चिठ्ठीत एवढंच की साल निश्चित करता येत नाही. पीओ-१ ला, म्हणजे सगळ्यात खालच्या ग्रेडला, फार काही लागत नाही, पण प्रकार आणि साल ओळखू यायलाच हवं. ते नसेल तर ग्रेडच नाही. संचातली सगळ्यात अवघड जागा या नाण्यासाठी राखून ठेवली होती, त्यामुळे या वेळची नोंद बहुतेक त्याच्याबद्दलच आहे.

१९७३ चं दुखणं आपल्या सगळ्यांना माहीत आहे. फिलाडेल्फिया आणि डेन्व्हर, दोन्हीकडे प्रत्येकी साधारण २० लाख नाणी पाडली ती फक्त मिंट सेटसाठी, म्हणजे टांकसाळ संग्राहकांना विकते त्या संचांसाठी. बँकांकडे ती गेलीच नाहीत. सेट खपले १७.७ लाखांच्या आसपास, आणि उरलेली, प्रत्येक टांकसाळीची २.३ लाखांच्या घरातली नाणी कागदोपत्री वितळवली गेली. मग झिजलेली १९७३ येतात कुठून? कुणी सेट फोडून डॉलर खर्च केले असतील, हे एक उत्तर. दुसरं असं की वितळवायची नाणी गुपचूप चलनात गेली. पैसे मोजून घेतलेला सेट फोडून त्यातला डॉलर दुकानात देणारे असे किती असणार? मला दुसरं उत्तर जास्त पटतं. याउलट १९७८-डी सव्वातीन कोटींहून जास्त निघालं. म्हणजे माझ्या नाण्याचा शेवटचा आकडा तीन असेल तर ते दुर्मीळ, आणि आठ असेल तर कुठल्याही दुकानाच्या ट्रेमध्ये मिळणारं.

आणि इंग्रजी तीन आणि आठ यांच्यात फरक फक्त डाव्या बाजूचा! आयकवर साल अगदी खाली, कडेला खेटून असतं. कड झिजत गेली की आकड्यांचे पाय आधी जातात. माझ्या नाण्यावर १, ९, ७ कुठल्याही उजेडात वाचता येतात. शेवटच्या आकड्याची खालची वाटी मात्र कडेत मिसळली आहे आणि वर उजवीकडे एक पुसट उंचवटा उरलाय. तीनलाही उजवीकडे हीच गोलाई, आठलाही हीच.

बाकीच्या खुणा तपासून झाल्या. मिंटमार्कच्या (टांकसाळीच्या खुणेच्या) जागेवरून काही ठरत नाही, कारण त्या काळात ‘डी’ प्रत्येक वर्किंग डायवर (नाणं पाडायच्या साच्यावर) हाताने ठोकत, त्यामुळे ते थोडं इकडेतिकडे असायचंच. मागची बाजू दोन्ही वर्षी चंद्रावर उतरणाऱ्या गरुडाचीच. वजन २१.४ ग्रॅम भरतंय, नव्याचं २२.६८, त्यातून झीज किती ते कळतं, साल नाही. व्यास जवळजवळ पूर्ण आहे, कड आत वळलेली नाही, म्हणजे कपडे सुकवायच्या मशीनमध्ये अडकून गोल झालेलं हे नाणं नव्हे. तेवढी एक शंका मिटली. बफेलो निकलवर लोक ॲसिडने साल वर काढतात, तो मार्ग मी विचारातही घेत नाही. ॲसिड लागलेलं नाणं ‘डिटेल्स’मध्येच, म्हणजे खराब ठरून आकडी ग्रेडशिवाय, जातं आणि झिजेने कमावलेला पृष्ठभाग कायमचा खराब होतो.

म्हणून सगळी भिस्त उजेडावर. यूएसबी मायक्रोस्कोपचं मात्र नाव काढू नका. त्याचे गोल बसवलेले एलईडी चारी बाजूंनी सारखा उजेड टाकतात आणि पुसट उंचवटे सपाट करून टाकतात. चांगलं १०एक्स ट्रिपलेट भिंग, एक छोटा टॉर्च, त्याच्या तोंडावर चीर पाडलेला काळा कागद, एवढ्यात काम होतं. टॉर्च टेबलाला टेकवून स्थिर ठेवायचा आणि नाणं फिरवायचं. उजेड डावीकडून, अगदी खालून आला की आठची डावी बाजू चकाकायला हवी. माझ्याकडचं एफआर-२ (पीओ-१ च्या वरची पायरी) मधलं १९७८-डी तसं चकाकतं, कमरेत चिमटलेली रेघ स्पष्ट दिसते. या नाण्यावर वर डावीकडे काहीच नाही. मध्ये एक टोक थांबल्यासारखं वाटतं, तीनच्या मधल्या हाताचं असावं तसं. खाली डावीकडे एक ठिपका आहे आणि सगळं त्या ठिपक्यावर अडलंय. तो तीनच्या शेपटीचा शेवट असू शकतो किंवा आठच्या वाटीचा अवशेष. मी तीनच्या बाजूने आहे, पण माझ्या वाटण्यावर ग्रेड मिळत नाही.

पुढच्या महिन्यात चांगले फोटो जोडून पुन्हा पाठवायचं ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिता सुचलं की फोटो नाण्याचा कशाला, ठशाचा का नको? नाण्यावरचे काळेतपकिरी डागच नजरेला फसवतात. चॉकलेटच्या वेष्टनातला पातळ चंदेरी कागद सालावर ठेवून मऊ खोडरबराने हलके दाबला तर डाग वगळून नुसता उंचसखलपणा हाती येईल. स्वयंपाकघरातली फॉइल यासाठी जाड पडेल. आधी १९७८-डी वर करून बघतो. तोवर पाठवणं थांबवलंय.

आता आनंदाची बातमी. १९७२ ला पीओ-१ मिळालं! आयकचं डोकं साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत, LIBERTY ऐवजी वर नुसती सावली, आणि साल मात्र ठणठणीत. मागची बाजू टाइप १, २ की ३ ते कधीच कळणार नाही, कारण तिच्यावरची पृथ्वी आणि फ्लोरिडाजवळची बेटं दोन्ही पुसली गेलीत. माझ्या संचाला त्याने फरक पडत नाही. अमेरिकेच्या द्विशताब्दीचं टाइप १ एजी-३ मध्ये, म्हणजे एफआर-२ च्या वरच्या पायरीवर, आलं, त्यावर मागची जाड अक्षरं अजून ओळखता येतात.

खरेदीबद्दल माझं मत आता पक्कं झालंय. ऑनलाइन ढिगाने विकणारे ‘खूप झिजलेलं’ म्हणून जे देतात ते बहुतेक नेवाडातल्या कॅसिनोंचं असतं. स्लॉट मशीनने नाणं झिजत नाही, ठेचतं. कडेला खड्डे आणि गालावर ओरखडे. खरं लोबॉल कुणीतरी वर्षानुवर्षं खिशात बाळगलेलं नाणं असतं, आणि ते जुन्या दुकानदाराच्या स्वस्त ट्रेमध्ये मिळतं. ‘पॉकेट पीस आहे का’ असं सरळ विचारा, ते काउंटरखालचा डबा काढतात. टंबलरमध्ये वाळू घालून फिरवलेली नाणीही हल्ली दिसतात. ती घेऊ नका. अक्षरांच्या खाचांतसुद्धा सारखीच झीज दिसली की ओळखायचं.

अजून एक. आपलं राष्ट्रीय एकात्मतेचं अकरा कोनांचं दोन रुपयांचं नाणं आठवतंय? आयकसारखं तांब्याच्या गाभ्यावर थर चढवलेलं नाही, आरपार क्युप्रोनिकेल. हातोहात फिरून कोन गोल झालेली कितीतरी पाहिली आहेत. पीसीजीएस आणि एनजीसी या दोन्ही ग्रेडिंग कंपन्या भारतीय नाणी ग्रेड करतात, तेव्हा टांकसाळीच्या खुणेसह पीओ-१ मिळवता येईल. दिवाळीनंतर पुण्याहून येणाऱ्या मित्राला सांगून ठेवलंय, सपाटातली सपाट निवडून आण म्हणून.

तोवर कुणाकडे एजी-३ किंवा त्याखालचं, साल नक्की असलेलं १९७३-डी असेल तर शेवटच्या आकड्याचा फोटो हवा आहे. उजेड डावीकडून, शक्य तितका खालून. त्या ठिपक्याच्या जागी तुमच्या नाण्यावर काय आहे, तेवढंच बघायचंय.