राग येतो, तरी का वाचतो

“एवढा राग येतो, तर त्या गोष्टी वाचता कशाला?” हा प्रश्न मला वर्षातून चार-सहा वेळा तरी ऐकावा लागतो. विचारणाऱ्यांना ठाऊक असते की मी अनेक वर्षे जपानी बीएल मंगा, म्हणजे दोन पुरुषांच्या प्रेमाच्या चित्रकथा, नेमाने वाचतो आणि नायक ज्याच्या प्रेमात पडतो त्या माणसाविषयी मात्र सतत तक्रार करतो. तुम्हीही विचारलेत, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

तो माणूस तिरसट असला, गर्विष्ठ असला, तरी माझी हरकत नसते. मला सहन होत नाही ती एकच गोष्ट: जिथे एक वाक्य बोलायला हवे, तिथे तो हात पुढे करतो. मनगट धरतो, भिंतीशी अडवतो, चुंबन घेतो, आणि ‘तू मला आवडतोस’ हे तीन शब्द तिसऱ्या-चौथ्या खंडापर्यंत राखून ठेवतो. समोरचा ‘नको’ म्हणाला तर ते लाजणे समजले जाते.

शुंगिकू नाकामुरा यांची ‘सेकाइइचि हात्सुकोइ’ ही मालिका घ्या. शाळकरी रित्सू आपल्याहून मोठ्या सागावर जीव लावून बसलेला असतो. सागाने वाचनालयातून नेलेली पुस्तके मागोमाग स्वतः वाचत असतो. दोघे जवळ येतात. एके दिवशी धीर करून रित्सू विचारतो, मी तुला आवडतो का? सागा हसतो. ते हसू अवघडलेपणातून आलेले असते, पण रित्सूला ती थट्टा वाटते. तो त्याला लाथ मारून निघून जातो आणि पुढे परदेशी शिकायला जातो. दहा वर्षांनी तो एका प्रकाशनसंस्थेच्या मंगा विभागात रुजू होतो, तर तिथला मुख्य संपादक तोच सागा, आता ताकानो या आडनावाने वावरणारा.

ते हसू मला पूर्ण पटते. त्या वयात नेमक्या वेळी नेमके शब्द सुचत नाहीत, हे कोणीही मान्य करील. पण वरिष्ठ झालेल्या माणसाने हाताखालच्या सहकाऱ्याला गाठून चुंबन घ्यावे, ‘तुझ्या तोंडून पुन्हा प्रेमाची कबुली वदवून घेईन’ असे बजावावे, आणि त्याच्या प्रत्येक नकाराला केवळ उशीर मानावे, हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडतो, हेही खरे.

या वागण्याला परंपरा आहे. या कथांत ‘सेमे’ आणि ‘उके’ अशा दोन भूमिका ठरलेल्या असत. हे शब्द चढाई करणे आणि स्वीकारणे अशा अर्थाच्या जपानी क्रियापदांपासून आले. १९७०च्या दशकात केइको ताकेमिया, मोतो हागियो यांच्यासारख्या लेखिकांनी मुलींच्या मासिकांत मुलांमधल्या प्रेमाच्या कथा रुजवल्या. ज्या वाचक मुलींना स्वतःची इच्छा उघड बोलण्याची मुभा नव्हती, त्यांना या कथांतून बऱ्याच मोकळेपणाने ती अनुभवता आली. पुढे उकेने ‘नको’ म्हणायचे आणि सेमेने ऐकायचे नाही, या संकेतामुळे इच्छा पुरी होई आणि तिचा दोष कोणावर येत नसे, असे मला वाटते. त्याची किंमत मात्र आमच्यासारख्या समलिंगी पुरुषांच्या वाट्याला आली. १९९२ साली मासाकी सातो या समलिंगी कार्यकर्त्याने एका स्त्रीवादी अनियतकालिकात या कथांवर कडक टीका केली आणि तिथून मोठा वाद पेटला. ती टीका काहींना अन्यायाची वाटली, पण तिच्यातला सल मला ओळखीचा आहे. ‘मला पुरुष आवडत नाहीत, तू तेवढा अपवाद’ हे वाक्य या कथांत कौतुकाने येते. मी ते वाचतो तेव्हा मला वगळून कोणी दार लावून घेतल्यासारखे वाटते.

आणि मला तो माणूस प्रत्यक्षात भेटलेला आहे. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८च्या ६ सप्टेंबरचा निकाल यायच्या कितीतरी आधी, पुण्यातल्या वसतिगृहाच्या गच्चीवर, दिवे गेले की तो माझा हात धरून बसायचा. दिवे आले की हात सुटायचा आणि तो परीक्षेविषयी बोलू लागायचा. दोन वर्षे असे चालले. मीही कधी विचारले नाही.

म्हणून मी वाचतो, कारण कधी कधी त्या कथेतला माणूस सुधारतो. नात्सुकी किझु यांच्या ‘गिव्हन’मध्ये अकिहिको जुन्या नात्यातून सुटू न शकल्याने एका रात्री हारुकीच्या घरी येतो आणि त्याच्यावर बळजबरी करू पाहतो. हारुकी त्याच्यावर कधीपासून मूकपणे प्रेम करत असतो, त्यामुळे तो घाव अधिकच खोल जातो. नंतर हारुकी आपले लांब केस कापून टाकतो. त्यानंतर अकिहिको जे करतो त्यासाठी मी ते पान पुनःपुन्हा उघडतो: तो बाजूला ठेवलेले व्हायोलिन पुन्हा हाती घेतो, हारुकीच्या जवळ राहूनही अंतर राखतो, आणि पुष्कळ दिवसांनी समोर उभा राहून सरळ शब्दांत विचारतो. आणि हारुकीच्या उत्तराची वाट पाहतो.