ओबरलिनचे स्वयंपाकघर

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात मी पदवीची तीन वर्षे काढली, पण जेम्स लॉसन हे नाव तेव्हा कधी माझ्या कानावर आले नाही. कोरियन युद्धाच्या काळात सैन्यभरतीला नकार दिल्याबद्दल तुरुंगवास भोगलेला हा तरुण अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी म्हणून १९५३ साली नागपुरात आला, हिस्लॉपमध्ये मुलांना शिकवू लागला, खेळवू लागला, आणि तेथेच राहून त्याने गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. मायदेशी परतल्यावर लॉसन ज्या छोट्या कॉलेजात धर्मशास्त्र शिकायला गेले, ते ओहायो राज्यातले ओबरलिन. मार्टिन ल्यूथर किंग फेब्रुवारी १९५७ मध्ये तेथे व्याख्यानाला आले असताना दोघांची भेट झाली आणि किंग यांनी त्यांना वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यासाठी लगेच अमेरिकेच्या दक्षिण भागात येण्याचा आग्रह केला. पुढे १९६० साली नॅशव्हिलच्या उपाहारगृहांत गोऱ्यांसाठी राखलेल्या जागांवर शांतपणे बसून राहिलेल्या विद्यार्थ्यांना अहिंसेचे धडे लॉसन यांनीच दिले होते. हे सारे वाचल्यापासून ओबरलिन पाहायचेच असे मी ठरवले होते, आणि यंदा क्लीव्हलंडला भाचीकडे गेले तेव्हा तो योग आला.

क्लीव्हलंडहून नैऋत्येला मोटारीने पाऊण-एक तास गेले की हे गाव लागते. मधोमध टॅपन स्क्वेअर नावाचे मोठे हिरवे मैदान, त्याच्या कडेने कॉलेजच्या दगडी इमारती आणि दुसऱ्या बाजूला दुकानांची एक लहानशी रांग. कॉलेज १८३३ सालचे. कृष्णवर्णीयांना प्रवेश देण्याचा निर्णय येथे १८३५ साली झाला आणि १८३७ साली मुलींनाही पदवीच्या वर्गात घेतले गेले. एवढा उदार वारसा असलेल्या ठिकाणी साठच्या दशकात विद्यार्थ्यांना कशाशी झगडावे लागले असेल, हा माझा प्रश्न होता.

त्याचे उत्तर मला एका माजी विद्यार्थिनीकडून मिळाले. भाचीच्या शेजारी राहणाऱ्या, ऐंशीच्या घरातल्या या बाई १९६३ ते १९६७ अशी चार वर्षे ओबरलिनमध्ये होत्या आणि मला गाव दाखवायला आपणहून बरोबर आल्या होत्या. मुलींच्या वसतिगृहासमोर उभ्या राहून त्यांनी त्या काळचे नियम सांगितले. रात्री बाहेर पडताना वहीत नाव आणि वेळ लिहायची, ठरलेल्या तासाच्या आत परतायचे, कोणी मित्र भेटायला आला तर खोलीचे दार उघडे ठेवायचे. मुलग्यांवर परतण्याच्या वेळेचे असे बंधन नव्हते, आणि नेमके हेच त्यांना सर्वांत जास्त बोचत असे. नागपुरातल्या माझ्या वसतिगृहातही रखवालदाराजवळ अशीच वही होती, हे मी सांगितले तेव्हा त्या चालता चालता थांबल्या आणि त्या वहीची सगळी हकीकत त्यांनी माझ्याकडून ऐकून घेतली.

या नियमांच्या चौकटीत एक जागा मात्र विद्यार्थ्यांची स्वतःची होती, ती म्हणजे सहकारी खानावळ. पाइल इन या वास्तूत १९५० साली अशी खानावळ सुरू झाली होती आणि १९६२ मध्ये या सगळ्या खानावळींचा आणि वसतिगृहांचा मिळून विद्यार्थ्यांचा संघ स्थापन झाला. तेथे मुले-मुली एकत्र जेवत आणि काय शिजवायचे, भांडी कोणी घासायची, खर्च कसा भागवायचा हे स्वतःच्या बैठकीत ठरवत. बाईंच्या वाट्याला पाव भाजण्याचे काम होते. ते सांगताना त्यांनी दोन्ही तळहात पुढे केले आणि हवेतच कणीक मळून दाखवली, आधी तळव्याने पुढे रेटायची, मग घडी घालून वळवायची. शंभर माणसांचे पीठ मळताना खांदे भरून येत, असे त्या म्हणाल्या. घरी कधी चहाचा कपही न विसळलेली मुले तेथे पातेली घासायला शिकली.

मला वाटते, ओबरलिनची चळवळ समजून घ्यायची तर या स्वयंपाकघरापासूनच सुरुवात करायला हवी. १९६४ च्या डिसेंबरात नाताळच्या सुट्टीत येथील विद्यार्थी मिसिसिपीतल्या रिप्लीजवळ गेले आणि तेथे जाळून टाकलेले कृष्णवर्णीयांचे एक चर्च त्यांनी स्थानिक लोकांच्या सोबतीने पुन्हा उभे केले. ‘नाताळचे सुतार’ या नावाने तो उपक्रम ओळखला गेला. आपण ज्याला श्रमदान म्हणतो तेच हे, फक्त येथे हल्ल्याचा धोका पत्करून केलेले. बाईंच्या खानावळीत बटाटे सोलणारा एक मुलगा त्या तुकडीत होता. जानेवारीत परतला तेव्हा त्याच्या हातांवर हातोडीचे फोड होते आणि आठवडाभर त्याची भांड्यांची पाळी इतरांनी वाटून घेतली.

पुढच्याच जूनमध्ये, १४ तारखेला, किंग पदवीदान समारंभासाठी आले. १९६७ च्या ऑक्टोबरात, व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ, विद्यार्थ्यांनी नौदलाच्या भरती अधिकाऱ्याची मोटार वेढली आणि त्याला सुमारे चार तास आत अडकवून ठेवले. तोवर बाई पदवी घेऊन बाहेर पडल्या होत्या. माणसाला कोंडून ठेवणे त्यांना आजही पटत नाही, आणि लॉसन यांचा विचार करता मलाही ते पटले नाही. मुलामुलींची एकत्र वसतिगृहे सुरू झाली ती १९७० साली, तेव्हा ‘लाइफ’ या अमेरिकन साप्ताहिकाने त्यावर मुखपृष्ठकथा केली.

दुपारी एका सहकारी खानावळीत आम्हांला जेवायला बोलावले होते. डाळीचे सूप, भात, आणि सकाळीच भाजलेला जाड सालीचा पाव. जेवण झाल्यावर बाई काही न बोलता उठल्या, बाह्या सरसावून मोरीपाशी गेल्या आणि तेथल्या मुलीच्या हातातला घासणीचा तुकडा त्यांनी मागून घेतला. मी फडके घेऊन शेजारी उभी राहिले. त्या विसळून देत होत्या, मी पुसून फळीवर ठेवत होते, आणि नागपूरला उन्हाळ्यात किती तापते ते त्या मला विचारत होत्या.