दोष कोणाच्या माथी?

दुःखी घरांवरची कादंबरी हाती आली, की लेखकाने दोष कोणाच्या माथी मारला आहे, हे मी आधी पाहतो. सावत्र आई, खाष्ट आत्या, दारुडा काका ही आपल्याकडची हुकमी गिऱ्हाइके. पण या कामात चार्ल्स डिकन्सचा हात धरणारा मला तरी कोणी भेटलेला नाही.

१८२४ साली, बारावे वर्ष नुकतेच पूर्ण झालेल्या डिकन्सला लंडनमधील बूटपॉलिशच्या कारखान्यात आठवड्याला सहा शिलिंगांवर कामाला लावण्यात आले. डब्यांवर आधी तेलकट कागद, त्यावर निळा कागद, मग दोरी आणि शेवटी लेबल, असे ते काम होते. थोड्याच दिवसांत कर्जापायी वडिलांची रवानगी मार्शलसी तुरुंगात झाली. ते सुटल्यावर मुलगा त्या कामातून मोकळा झाला खरा, परंतु त्याला पुन्हा तिथेच धाडावे असा आग्रह आईने धरला, आणि ते डिकन्स जन्मभर विसरला नाही. हे सारे त्याने मित्र जॉन फॉर्स्टरपाशी उघड केले होते. वाचकांना ते कळले १८७० मध्ये त्याचे निधन झाल्यानंतर, फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून.

१८४९-५० मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘डेव्हिड कॉपरफिल्ड’मध्ये हेच बालपण आहे, फक्त पात्रांची वाटणी निराळी आहे. दहा वर्षांच्या डेव्हिडला बाटल्या धुण्याच्या कामाला जुंपतो तो सावत्र बाप मर्डस्टन. सख्खा बाप त्याच्या जन्माआधीच वारलेला, आणि दुबळी पण प्रेमळ आईही तोवर गेलेली. डिकन्सचा कर्जबाजारी बाप मात्र मिकॉबर या पात्राच्या रूपात येतो, आणि ‘काहीतरी होईलच’ या भरवशावर जगणाऱ्या त्या गृहस्थाचा राग कोणालाच येत नाही. डिकन्सला ज्या आईला क्षमा करणे जमले नाही, तिला तर या घरात जागाच उरलेली नाही. याला मी पळवाट म्हणणार नाही, कारण आई-वडिलांवर एकाच वेळी माया आणि संताप करणे लहान मुलाला झेपत नाही. मर्डस्टनच्या हाताला चावल्याची शिक्षा म्हणून शाळेत डेव्हिडच्या पाठीवर ‘सांभाळा, हा चावतो’ अशी पाटी बांधतात, आणि मागे वळून पाहिले तर कोणी नसतानाही कोणीतरी ती वाचत आहे असे त्याला वाटत राहते. अपमानाचे इतके नेमके चित्र मी दुसरीकडे वाचलेले नाही. मर्डस्टन स्वतः मात्र अखेरपर्यंत ठोकळाच राहतो.

प्रकाश नारायण संतांनी ‘वनवास’ या कथासंग्रहात असा कोणताही मर्डस्टन ठेवलेला नाही. त्यातला लहानगा लंपन आजी-आजोबांकडे राहतो, आई-बाबा दुसऱ्या गावी असतात, आणि चौघेही त्याला जीव लावतात. तरी पुस्तकाचे नाव कुठेही भडक वाटत नाही. रागवायचे कोणावर, हाच प्रश्न असल्यामुळे तो मुलगा धड रागावूही शकत नाही, आणि घरची ओढ असह्य झाली की आपल्याला कसे ‘मॅड’सारखे होते, एवढेच भलत्यासलत्या आकड्यांचा आधार घेत सांगत सुटतो.